गंगेत रोल मारल्यावर गरगरतंय? आधी कान झाका

कोलाडला कुंडलिकेत कयाकचा (छोट्या, अरुंद होडीचा) व्यवस्थित रोल मारणारी, म्हणजे उलटलेली कयाक आत बसूनच पॅडलने (वल्ह्याने) सुलटी करणारी आपली मंडळी ऋषिकेशजवळच्या शिवपुरीला गंगेत उतरतात आणि दोन-चार रोलनंतर म्हणतात, "दादा, सगळं फिरतंय." ही भीती नाही, पित्तही नाही. कानात गार पाणी गेलंय.

कानाच्या आत तोल सांभाळणाऱ्या नळ्या असतात. त्यातली आडवी नळी बाहेरून आलेल्या गारव्याला सगळ्यांत जवळ. तिची एक बाजू गार पडली की आतला द्रव जड होऊन सरकतो आणि डोकं फिरत असल्याचा निरोप मेंदूला जातो. कानाचे डॉक्टर तपासणीसाठी 30 अंशांचं पाणी कानात सोडतात. शरीरापेक्षा फक्त सात अंश गार, तरी माणूस गरगरतो. फेब्रुवारीतली गंगा तर त्याहून कितीतरी थंड!

दोन्ही कान सारखे गारठले तर त्रास कमी होतो. एका कानात मळ घट्ट बसला असेल, तर पाणी दुसऱ्यातच शिरतं आणि मग जास्त गरगरतं. म्हणून सहलीआधी कान डॉक्टरांकडून साफ करून घ्या. पडद्याला भोक असेल किंवा कान वाहत असेल, तर त्यांना विचारल्याशिवाय रोल नकोच.

इअरप्लग मऊ सिलिकॉनचे घ्या आणि काठावर, कान कोरडे असतानाच घाला. डोक्यावरून विरुद्ध हात नेऊन कानाचा वरचा भाग वर-मागे ओढा, प्लग हळूच बसवा, वर निओप्रीनची टोपी आणि मग हेल्मेट. कापूस अजिबात नको, तो गार पाणी धरून ठेवतो. प्लगमुळे हाका नीट ऐकू येत नाहीत, म्हणून पॅडलच्या खुणा आधीच ठरवा.

तरीही पाण्याखाली गरगरलंच, तर वर-खाली कुठे हे डोक्याला विचारू नका. कयाकची कड हाताने चाचपा आणि पॅडल तिला समांतर धरा. वर आल्यावर मागे रेलून राहू नका. ही चूक बहुतेकजण करतात. रेललं की कानातली ती आडवी नळी उभी होते आणि आतला द्रव जोरात सरकतो. ताठ बसा, हनुवटी किंचित छातीकडे घ्या, काठावरच्या एखाद्या दगडावर नजर रोखा. वाहत्या पाण्याकडे पाहिलंत तर आणखी फिरेल. शक्य असेल तर सोबत्याच्या कयाकला धरून ठेवा. कान ऊबेला आला की एक-दोन मिनिटांत बहुधा थांबतं.

काठावर येऊनही गरगर थांबली नाही, कान दुखला किंवा ऐकू कमी आलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.