कंट्री गायिका ऐकायला कुठून सुरुवात करावी

रात्री ओटा आवरला की मी हेडफोन लावते आणि कंट्री, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागातून आलेली गाणी, ऐकते. मोबाइलच्या स्पीकरवर गिटारचा खर्ज हरवतो.

सुरुवात कार्टर फॅमिली या एकाच कुटुंबातल्या त्रिकुटाच्या १९२७ च्या, अमेरिकेतल्या ब्रिस्टलमधल्या ध्वनिमुद्रणांपासून करा. आधी त्यातल्या साराचा आवाज ऐका, मग पुन्हा लावून फक्त मेबेलची गिटार. तिचा अंगठा जाड तारांवर चाल वाजवतो, बोटं बारीक तारांवर ताल धरतात. वय अवघं १८, पोटात बाळ! तो अंगठा कानात बसेपर्यंत पुढे जाऊ नका.

मग किटी वेल्स. १९५२ मध्ये तिने बाईला दोष देणाऱ्या पुरुषाच्या गाण्याला गाण्यातूनच उत्तर दिलं आणि बिलबोर्ड या अमेरिकन संगीत नियतकालिकाच्या लोकप्रिय कंट्री गाण्यांच्या यादीत पहिलं स्थान मिळवलं. एकट्या गायिकेला ते प्रथमच मिळालं. पॅट्सी क्लाइन ऐकताना टाळी धरा, म्हणजे ती शब्द ओढत तालामागे कशी रेंगाळते ते कळेल.

लोरेटा लिनला मात्र आठवडाभर द्या. केंटकीच्या खाणकामगाराची मुलगी, १५ व्या वर्षी लग्न, आणि १९७५ मध्ये थेट गर्भनिरोधक गोळीवर गाणं. कितीतरी रेडिओ केंद्रांनी ते लावलंच नाही. तिचे शब्द वहीत उतरवून घ्या. उच्चार तिकडच्या डोंगराळ भागातले आहेत, दोन-तीनदा मागे जावं लागतं.