पाइपो फळी: कापायला सोपी, कड काढायला अवघड

हवाईत पोटावर झोपून लाटेवरून यायच्या छोट्या लाकडी फळीला पाइपो म्हणतात. 1971 मध्ये टॉम मोरी यांनी तिथेच फोमचा बूगी बोर्ड काढला आणि पाइपो मागे पडली. तरी ओआहू बेटावर, वाइकीकीच्या कापाहुलू धक्क्यापाशी ती अधूनमधून दिसते. फोम लाटेवर वाकतो, लाकूड वाकत नाही म्हणून जास्त पळतं, आणि तो वेग एकदा अंगात भिनला की फोमवर परत जावंसं वाटत नाही.

जुन्या फळ्या कोआ या हवाईतल्या झाडाच्या नाहीतर उलूच्या, म्हणजे आपल्या नीरफणसाच्या लाकडाच्या असत. तुम्ही कोआच्या नादी लागू नका. 9 मिलिमीटरचा मरीन, म्हणजे पाण्यात टिकणारा, प्लाय घ्या. आपल्याकडे त्यावर आयएस 710 असा शिक्का असतो, तो बघूनच पैसे द्या. तुमचं वजन ऐंशी किलोच्या पुढे असेल तर 12 मिलिमीटर. आठ बाय चार फुटांच्या एका शीटमध्ये चार फळ्या बसतात, तेव्हा मित्रांना गाठा आणि खर्च वाटून घ्या.

लांबी 115 सेंटिमीटर, रुंदी 50. पुढचं टोक गोलसर, मागची बाजू सरळ कापलेली. कागद उभा दुमडून अर्धाच आकार काढा, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या येतील. जिगसॉला, म्हणजे वळणं कापणाऱ्या विजेच्या करवतीला, बारीक दात्याचं पातं लावा आणि रेघेच्या जरा बाहेरून कापा. झालं. पुढचं टोक वाफेवर वाकवा असं कुणी सांगेल. इंग्लंडच्या किनाऱ्यावर वाकवलेल्या फळ्या चालतात, पण पहिली फळी सपाटच ठेवा. टोक वर ठेवायचं काम तुमच्या छातीचं आहे.

आता कड. मी सगळ्यात जास्त अडलो ते इथेच, आणि सगळ्यात वाईट सल्लेही इथलेच मिळतात. ‘सगळ्या कडा पॉलिश पेपरने छान गोल करा, म्हणजे लागणार नाही’ हा त्यातला सगळ्यात घातक. पाइपोला खाली फिन, म्हणजे माशाच्या परासारखं उभं पातं, नसतो, तेव्हा लाटेच्या भिंतीला धरून ठेवणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे मागच्या भागातली कड. कड गोल असली की पाणी तिला चिकटून वळतं आणि वरच्या बाजूला चढतं. पुढच्या भागात ते चालतं, उलट फळी लाटेत अलगद बसते. मागे मात्र पाणी फटकन सुटायला हवं. ते सुटलं नाही तर शेपूट आडवं घसरतं आणि फळी गर्रकन फिरते. मग लोक म्हणतात, फिन लावा. फिन नको, कड नीट काढा.

पुढचा दोन तृतीयांश भाग वरून आणि खालून सारखाच गोल करा. मागच्या तृतीयांशात खालचा कोपरा जवळजवळ काटकोनात राहू द्या. नुसता एकदा बारीक पेपर फिरवा, बोट कापू नये इतपतच. तिथला सगळा उतार वरच्या बाजूने काढायचा, कडेपासून आत सुमारे तीन सेंटिमीटर. गोल भाग धारेत एकदम बदलू नका. वीतभर लांबीत हळूहळू बदलला पाहिजे, नाहीतर नेमक्या त्याच जागी पाणी अडखळतं आणि ते पोटाखाली थरथरल्यासारखं कळतं.

उतार सारखा येतोय की नाही हे प्लाय स्वतःच सांगतो. रंधा मारताना आतले थर उघडे पडतात आणि फिक्या-गडद पट्ट्या दिसायला लागतात, नकाशावरच्या उंचीच्या रेघांसारख्या. पट्ट्या समांतर असल्या तर हात बरोबर चाललाय. एखादी मध्येच रुंद झाली तर तिथे उतार पसरट झालाय. डाव्या-उजव्या पट्ट्या ताडून बघा, मग डोळे मिटून दोन्ही कडांवरून एकाच वेळी बोटं फिरवा. डोळ्यांना न दिसलेला उंचवटा बोटांना लगेच लागतो. आडव्या थरावर रंधा चिरफळ्या उडवतो. तिथे रंधा ठेवून द्या, कानस घ्या आणि पृष्ठभागाकडून कडेकडे न जाता कडेला समांतर घासा.

तेलाआधी कडांना पातळ इपॉक्सीचा, म्हणजे दोन भाग मिसळून कडक होणाऱ्या रेझिनचा, हात द्या, कारण प्लाय पाणी पितो तो कडेतूनच, आणि तेल लागलेल्या लाकडावर इपॉक्सी धरत नाही. बाकी फळीला जवसाचं तेल: पहिला हात टर्पेंटाइन निम्मं घालून, वीस मिनिटांनी पुसून काढा. असे तीन हात. हवाईत कुकुईच्या, म्हणजे जंगली अक्रोडाच्या तेलाने फळ्या घासत. जवसाच्या तेलाच्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेटतात. बादलीत पाण्यात बुडवा.

पाण्यात उतरताना पायात पोहायचे फिन्स हवेतच. ही फळी तुम्हाला तरंगवत नाही, पळू लागल्यावरच उचलते. छातीइतक्या पाण्यात उभे राहा, लाट पाठीशी आली की वाळूला लाथ मारून पुढे झेपावा आणि जोरात पाय मारा. उजवीकडे जायचं तर उजवा हात टोकावर, डावा हात डाव्या कडेवर, आणि उजवं कोपर फळीवर दाबलेलं. छाती उचललेली ठेवा.

किनाऱ्यावरच आपटणाऱ्या लाटेत सरळ खाली जाऊ नका. टोक वाळूत रुतलं की मागची कड पोटात घुसते. ओआहूचा सँडी बीच मानेच्या आणि मणक्याच्या दुखापतींसाठी कुप्रसिद्ध आहे. तिथे शिकायला जाऊच नका. वाइकीकीला लाटा उन्हाळ्यात येतात, उत्तर किनाऱ्यावर हिवाळ्यात, आणि उत्तरेच्या हिवाळी लाटा नवशिक्याच्या नाहीत. कोकण-गोव्यात फळी न्यायची तर पावसाळा संपल्यावर, आणि लाल बावटा असेल तर घरी. पडताना फळी सोडू नका. सुटलेलं लाकूड मागच्याच्या तोंडावर जातं.

घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा आणि सावलीत उभी करून ठेवा. रंग करडा पडायला लागला की तेलाचा एक हात. कडेचं इपॉक्सी कुठे टवकलं असेल तर ते मात्र त्याच आठवड्यात भरून घ्या, थर सुटायला तिथूनच सुरुवात होते.