वाळूत गाडी घालायला निघालात? बडोद्यातच होणाऱ्या या चुका आधी टाळा

दिवाळीची सुट्टी जवळ आली की दांडिया बाजारापासून वाघोडिया रोडपर्यंत मराठी घरांत एकच चर्चा सुरू होते, यंदा जैसलमेर की कच्छ? पूर्वी उंटावर बसून फोटो काढला की वाळवंट पाहून झालं असं वाटायचं. आता अनेकांना स्वतः स्टिअरिंग धरून धोऱ्यांवर, म्हणजे वाळूच्या टेकड्यांवर, गाडी चढवायची असते. पुढे वाटाड्याची लीड गाडी आणि मागे ओळीने आपल्या चार-पाच गाड्या, असे दौरे त्यासाठी मिळतात. हौस चांगली आहे आणि नीट पार पडली तर घरातली मुलं वर्षभर तेच सांगत राहतात.

पण या दौऱ्यांतला निम्मा गोंधळ वाळूत होतच नाही, तो बुकिंगच्या फोनवर होतो. आपण दर विचारतो, जेवण जैन आहे का विचारतो, तंबूत गरम पाणी मिळेल का विचारतो आणि जो प्रत्येक प्रश्नाला "हो, होऊन जाईल" म्हणतो त्याला ॲडव्हान्स पाठवतो. वाळवंटात कामाला येतो तो "नाही" म्हणणारा माणूस. दुपारी एक वाजता मोठ्या धोऱ्यावर जाऊ का, असं त्याला फोनवरच विचारून बघा. "नाही, त्या वेळी उतार दिसत नाही" असं उत्तर आलं तर हा माणूस खरंच वाळूत गाडी चालवतो असं समजा. सूर्य डोक्यावर असताना सावली पडत नाही, सगळी वाळू सपाट भासते आणि पुढे दहा फुटांचा कडा आहे हे गाडी त्याच्या टोकावर पोहोचेपर्यंत कळत नाही. म्हणून जाणते चालक सकाळची वेळ धरतात. रात्रीच्या गारव्याने वाळूही थोडी घट्ट असते.

गाडीचं नाव ऐकून समाधान मानू नका

"थार देतो" एवढं ऐकून लोक खूश होतात. महिंद्राने जानेवारी २०२३ मध्ये थारचं फक्त मागच्या चाकांवर चालणारं मॉडेलही बाजारात आणलं. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. त्यामुळे "फोर बाय फोर आहे ना?" म्हणजे चारही चाकांना ताकद मिळते ना, असं स्पष्ट विचारा आणि ती लावायच्या, गिअरशेजारच्या दुसऱ्या दांडीचा फोटो मागवा. टू-व्हील-ड्राइव्ह गाडी नवशिक्याच्या हातात मऊ वाळूत गेली की अर्धा दिवस ती काढण्यातच जातो.

नंबरप्लेटही बघा. गाडी स्वतः चालवायला भाड्याने दिली जात असेल तर पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असायला हवीत. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने घेतली आणि अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. मग नुकसानीचा वाद थेट तुमच्याशी होतो. स्वतःचीच गाडी नेणार असाल तर पॉलिसी काढून वाचा आणि रस्ता सोडून चालवताना झालेलं नुकसान धरलं जाईल का, हे कंपनीकडून लेखी घ्या.

याशिवाय तीन गोष्टी विचाराव्यात. एका वाटाड्यामागे किती गाड्या असतील? प्रत्येक गाडीत वॉकीटॉकी असेल का? सोबत हवा भरायचा कॉम्प्रेसर, फावडं आणि चाकाखाली घालायच्या पट्ट्या आहेत का? उत्तरं देताना समोरचा अडखळला तर दुसरा शोधा. हजार-दोन हजार वाचवायची ही जागा नाही.

वाळवंट म्हणजे सगळीकडे वाळू नाही

जैसलमेरच्या पश्चिमेचं सम आणि नैऋत्येचं खुरी, दोन्ही शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर आहेत. तिथे वाळूचे खरे धोरे आहेत. कच्छचं रण म्हणजे खारवट चिखलाचं मैदान. पावसाळ्यात तिथे पाणी भरतं, नंतर ते आटतं आणि वर मिठाचा थर धरतो. दुधावर साय यावी तसा तो थर दिसतो घट्ट, पण खाली ओल तशीच असते. त्यावर गाडी घातली की चाक थर फोडून आत जातं आणि वाळूतल्या कुठल्याही युक्तीने ती सहज बाहेर येत नाही. रणातला नियम एकच: आधी उमटलेल्या चाकोरीतून हलायचं नाही. पाऊस लांबला असेल तर नोव्हेंबरातही आतले भाग ओले असतात, त्यामुळे त्या आठवड्यात जमीन कशी आहे हे स्थानिक माणसालाच विचारा.

धोरडोच्या पांढऱ्या रणात स्वतः गाडी चालवायला मिळेल अशी समजूत करून घेऊन बरेच जण जातात. तिथे परवाना काढावा लागतो, गाडी पार्किंगला ठेवावी लागते आणि पुढे पायी किंवा उंटगाडीने जावं लागतं. शिवाय पुढचा सगळा प्रदेश सीमेचा आहे. वाट सोडून भटकलात तर सीमा सुरक्षा दलाला उत्तर द्यावं लागेल.

छोटं रण आपल्याला सोयीचं आहे. अहमदाबाद, विरमगाम करत दसाडा गाठायचं, अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास. पण तो भाग घुडखराचं, म्हणजे रानगाढवाचं अभयारण्य आहे, जवळजवळ पाच हजार चौरस किलोमीटरचं. वनखात्याची परवानगी लागते आणि साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ते बंद असतं. दिवाळी लवकर आली तर तारखा आधी तपासा. तिथे चाकं नेण्याआधी आणखी एक लक्षात ठेवा. रणात अगरिया कुटुंबं महिनोन्‌महिने राहून मीठ पिकवतात. सपाट दिसलं म्हणून गाडी वळवलीत तर एखाद्या घराचं हंगामभराचं काम चाकाखाली जाईल.

जैसलमेर मात्र लांब आहे, बडोद्याहून साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास. दिवसभर गाडी हाकून पोहोचायचं आणि त्याच संध्याकाळी धोऱ्यावर चढायचं, हा बेत मला अजिबात पटत नाही. समला सूर्यास्ताच्या वेळी उंट, जीपा आणि माणसांची झुंबड असते. दमलेल्या नवशिक्या चालकाने तिथे जाऊच नये. एक रात्र झोपा, सकाळी निघा.

टायरची हवा

रस्त्यावर आपण ३० ते ३५ पीएसआय हवा ठेवतो. तेवढ्या हवेचं टायर वाळूत सुरीसारखं रुततं. १५ ते १८ पर्यंत हवा उतरवली की टायर पसरतं, जमिनीला जास्त टेकतं आणि गाडी वाळूच्या वरून चालते. हवा काढायला सांगितल्यावर "नव्या टायरची वाट लागेल" म्हणून हुज्जत घालणारे भेटतात. त्यांनी कृपा करून वाटाड्याचं ऐकावं. मात्र स्वतःच्या मनाने आणखी खाली जाऊ नका. कमी हवेत जोरात वळवलं की टायर रिमवरून निसटतं. हवा कमी असेपर्यंत वळणं मोठी आणि सावकाश घ्यायची.

धोऱ्यावर काय चुकतं

वाऱ्याच्या बाजूचा उतार लांबट आणि घट्ट असतो, आडोशाची बाजू तीव्र आणि भुसभुशीत. थारच्या वाळवंटात जोराचा वारा उन्हाळ्यात नैऋत्येकडून वाहतो, त्यामुळे कुठून चढायचं हे वाटाड्या धोऱ्याचा आकार बघून ठरवतो. चढायचं ते सरळ रेषेत. अर्ध्यात गाडी दमली की लोक घाबरून वळवतात, आणि गाडी आडवी होऊन कलंडते ती तिथेच. दम संपला तर वळवू नका, रिव्हर्स टाका आणि आलात त्याच चाकोरीतून सरळ मागे या. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, रोज चालवणारेही तेच करतात.

दुसरी चूक म्हणजे पुढच्या गाडीला चिकटून जाणं. ती धोरा ओलांडून वॉकीटॉकीवर "या" म्हणेपर्यंत पायथ्याशी थांबायचं. ती माथ्यापलीकडे अडकून बसली असेल तर तुम्हाला दिसणार नाही.

थांबताना ब्रेक कचकन दाबू नका, त्याने चाकांपुढे वाळूचा ढीग जमतो. पाय उचला, गाडी आपोआप थांबेल. थांबाल ती जागा शक्यतो उताराकडे तोंड असलेली असावी, म्हणजे निघताना जोर लागत नाही.

अडकल्यावर

अडकणं ही चूक नाही. खरी चूक त्यानंतरच्या पाच सेकंदांत होते.

खुरीजवळ पाहिलेलं सांगते. आमच्या ताफ्यातले एक निवृत्त काका, हायवेवर हात अगदी सफाईदार. मऊ पट्ट्यात गाडी थांबली आणि त्यांनी सवयीने एक्सीलरेटर दाबला. वॉकीटॉकीवर वाटाड्या सांगत होता, "अंकल, रेस मत दो, पाँव उठाओ." काका म्हणाले, "अहो, निघतेय, निघतेय!" मागची चाकं जागच्या जागी फिरली, वाळूचा फवारा उडाला आणि बघता बघता गाडी पोटावर बसली. चाकांचे नट दिसेनासे झाले. आधी दोन मिनिटांचं काम होतं, त्याला पाऊण तास लागला. सगळ्यांत जास्त वाळू उपसली ती त्यांच्या सुनेने.

तेव्हा क्रम असा ठेवा. चाक फिरतंय पण गाडी हलत नाही असं जाणवताक्षणी पाय उचला. स्टिअरिंग सरळ करा, कारण वळलेली पुढची चाकं वाळूला अडून बसतात. मग हलक्या पायाने रिव्हर्स बघा. मागची वाट तुमच्याच चाकांनी दाबलेली असते, म्हणून पुढे जाण्यापेक्षा मागे येणं सोपं. एकदा प्रयत्न करून जमलं नाही तर उतरा.

उतरल्यावर आधी गाडीखाली वाकून बघा. पोट टेकलं असेल तर चाकांभोवती कितीही खणलं तरी उपयोग नाही, आधी पोटाखालची वाळू ओढून काढा. मग ज्या दिशेने निघायचं त्या बाजूला चारही चाकांपुढे उतरता चर करा. वाटाड्या सांगेल तर हवा आणखी दोन-तीन पीएसआय कमी करा. पट्ट्या चाकाला अगदी भिडवून घाला आणि चालकाशिवाय सगळ्यांना बाजूला करा. चाकाखालून पट्टी जोरात मागे उडते, म्हणून गाडीच्या मागे कोणी उभं राहायचं नाही. नव्या गाड्यांत चाक फिरलं की यंत्रणा स्वतःच ताकद कमी करते. गाडी उगाच गुदमरतेय असं वाटलं तर वाटाड्याला सांगा, तो ती यंत्रणा बंद करून देईल.

दोर लावायची वेळ आली तर तो कंपनीने दिलेल्या हुकालाच लावायचा. ट्रेलर जोडायच्या गोळ्याला दोर बांधून हिसका दिला तर गोळा तुटून गोळीसारखा सुटतो, यात माणसं मेली आहेत. दोरावर मध्ये जाड चादर किंवा ओलं पोतं टाका आणि मुलांना दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरावर न्या. मोबाइलवर शूटिंग करायला जवळ आलेल्या भाच्याला स्पष्ट शब्दांत मागे पाठवा.

इंजिन तापलं, आवाज येतोय

तापमानाचा काटा वर चढला तर एसी बंद करा, गाडीचं तोंड वाऱ्याकडे करून थांबा आणि इंजिन थोडा वेळ नुसतं चालू राहू द्या. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. डांबरी रस्त्यावर आल्यावर वळताना गाडी अडखळत असेल, खालून कटकट होत असेल तर बहुधा ती अजून फोर-व्हीलमध्येच आहे. टूमध्ये टाका.

घरच्यांसाठी

उघड्या जीपमध्ये मागे दांडा धरून उभं राहायची तिथे पद्धतच पडली आहे. मुलांना तसं उभं करू नका, पट्टा असलेली सीट मागा, नसेल तर ती जीप नाकारा. गरोदर बाई, मणक्याचा त्रास असलेले आणि नुकतंच ऑपरेशन झालेले यांनी धोऱ्यांवर जाऊ नये. ज्याला गाडी लागते त्याला पुढे बसवा. आपण सेव-उसळ खाऊन वाढलेली माणसं, पण त्या सकाळी तिखट-तेलकट टाळून हलकं खा. स्टिअरिंग धरताना अंगठे आत अडकवू नका, पुढच्या चाकाला धक्का बसून स्टिअरिंग गरकन फिरलं तर अंगठा मोडतो.

नेटवर्कवर भरवसा ठेवू नका. पण म्हणून अमेरिकेतल्या दिराने आणलेला सॅटेलाइट फोनही नेऊ नका. सरकारी परवानगीशिवाय तो जवळ बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे, आणि सीमेच्या जिल्ह्यात तर लगेच चौकशी होते. ड्रोन घरीच ठेवा.

सम आणि खुरी यांच्या आसपास डेझर्ट नॅशनल पार्क पसरलं आहे, ३,१६२ चौरस किलोमीटर. माळढोक पक्ष्याचं हे शेवटच्या काही ठिकाणांपैकी एक. मादी जमिनीवर, गवतात, बहुतेक वेळा एकच अंडं घालते. म्हणून गवताच्या माळावर चाक घालायचंच नाही, मग वाटाड्याने "चलता है" म्हटलं तरी. इथे "नाही" म्हणायची पाळी आपली आहे, आणि ते ठामपणे म्हणा.

परतताना

डांबरी रस्ता लागला की पहिलं काम टायरमध्ये पुरती हवा भरायचं. १५ पीएसआयवर हायवेला शंभरने निघालात तर टायर तापून फुटतं. चाकांच्या आतल्या बाजूला वाळू साचलेली असते, त्याने वेगात स्टिअरिंग थरथरतं, ती काढून टाका. रणात जाऊन आला असाल तर बडोद्यात पोहोचल्यावर दोन दिवसांच्या आत गाडी लिफ्टवर चढवून खालून भरपूर पाण्याने धुऊन घ्या. वरून चकचकीत केलं तरी मीठ सायलेन्सर आणि ब्रेकच्या पाइपांना चिकटून राहतं आणि गंज पुढच्या पावसाळ्यात दिसतो. त्याच वेळी एअर फिल्टर काढून झटकायला सांगा आणि फार भरला असेल तर बदलून टाका.