दात पांढरे करायचेत? मग घासायच्या आधी हे बघा

लग्नसराई आली की पोरं-पोरी लिंबू-सोडा घेऊन दात घासायलेत, तर थांबा जरा. पहिलं काम म्हणजे उजेडात आरसा धरून डाग कसले आहेत ते बघणं. हिरडीजवळ किटण, चहा-पान-मिसरीचे डाग असतील तर ते वरचे, निघतात. पण लहानपणापासूनच खडूसारखे पांढरे ठिपके नाहीतर तपकिरी पट्टे असतील तर बहुतेक ते बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराईडचे, नांदेड-बीडकडं अशी गावं आहेत, आणि दात हिरडीच्या आत तयार होतानाच ते बसलेले असतात, त्यामुळं कितीबी घासा, जात नाहीत.

वरचे डाग असतील तर सरळ स्केलिंग, म्हणजे डॉक्टरकडून दातावरचं किटण काढून साफ करून घ्या. संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथं स्वस्तात होतं. "स्केलिंगनं दात ढिले होतात" म्हणतात लोक, पण हिरडी सुटते ती किटणानं, किटण काढल्यावर ते फक्त जाणवतं.

मग घरी रोज सकाळी आन झोपताना, मऊ ब्रशनं दोन मिनिटं, फ्लोराईडची पेस्ट. पाण्यानं डाग पडले म्हणून मोठ्यांनी ही पेस्ट सोडायची गरज नाही, पूर्ण तयार झालेल्या दाताला तसे डाग पडत नसतात. चहा झाला की चूळ भरा. चिंच, लिंबू, कोल्ड्रिंक झालं की अर्धा तास ब्रश नको.

लिंबू, कोळसा, राखुंडी तर नकोच. वरचं पांढरं कवच झिजलं की परत येत नाही आन त्याच्या खालचा थर मुळातच पिवळा, म्हणजे भिंत पांढरी दिसावी म्हणून चुना खरवडायचा प्रकार झाला हा. मिसरीचं तर काय सांगावं, भाजलेली तंबाखूच ती, दात काळे आन वर कॅन्सरची भीती.

एवढं करूनबी पिवळेच वाटले तर ब्लीचिंग, म्हणजे औषध लावून दाताचा रंग उजळवणं, पण डॉक्टरकडूनच. त्यात पेरॉक्साईड असतं, थोडे दिवस थंड-गरम झोंबतं. कॅप नाहीतर पुढच्या दाताच्या फिलिंगचा रंग त्यानं बदलत नाही, म्हणून नवीन कॅप बसवायची असेल तर आधी ब्लीचिंग करा. तपकिरी पट्ट्यांसाठी वरचा थर अगदी हलका घासून काढतात नाहीतर व्हिनीअर, म्हणजे दातावर चिकटवायचं पातळ कवच, बसवतात, ते मात्र महाग जातं.

घरात आठ वर्षांच्या आतलं लेकरू असेल तर बोअरचं पाणी तपासून घ्या. लिटरला 1.5 मिलिग्रॅमच्या वर फ्लोराईड निघालं तर ते पाणी पाजू नका. उकळून फ्लोराईड जात नाही, उलट पाणी आटलं की वाढतं, आरओचं पाणी चालतं.