डिझेल गाडीत धुराचा वास येतोय? एसी धुण्याआधी या चुका टाळा

गाडीत कसलातरी वास येतो, अशी तक्रार घेऊन आलेल्या गाडीत आरशाला लटकवलेलं सुगंधी पाकीट हमखास असतं. एसी फिल्टर कोरा करकरीत, डॅशबोर्डवर परफ्यूमची बाटली, आणि वास जिथल्या तिथे. मालक वर सांगतो, "सगळं करून झालंय." प्रत्यक्षात कशालाच हात लागलेला नसतो, फक्त नाकाची समजूत काढलेली असते.

केबिनमध्ये वास यायला दोन गोष्टी जुळाव्या लागतात. धूर, डिझेल किंवा ऑइल कुठूनतरी सुटत असतं आणि त्याला आत शिरायला वाट मिळालेली असते. बहुतेक जण यातल्या एकाच गोष्टीच्या मागे लागतात. नुसती वाट बुजवली तर गळती चालूच राहते. नुसती गळती काढली तर पुढच्या गळतीला वाट तयारच असते.

कसला वास, कधी येतो, हे न विचारताच पाना उचलणं

ही माझ्या सगळ्यात डोक्यात जाणारी चूक. "डिझेलचा वास येतो" एवढंच ऐकून गाडी लिफ्टवर चढवतात. अरे, पण कसला? कच्च्या डिझेलचा वास तेलकट असतो आणि कपड्यांना चिकटून राहतो. जळलेला धूर डोळ्यांना झोंबतो, घसा खवखवतो. तापलेल्या मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांवर, ऑइलचा थेंब पडला की करपट वास येतो. गोडसर वास आला तर कुलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, बघा. चारही वासांची घरं वेगवेगळी आहेत.

मग प्रश्न येतो कधीचा. गाडी उभी असताना, इंजिन आयडलिंगवर असताना येत असेल, तर बहुधा बॉनेटखालून निघून वायपरखालच्या जाळीतून ब्लोअरमध्ये शिरतोय. टाकी फुल केल्यावरच येत असेल, तर टाकीवरच्या फ्लोट युनिटचं (डिझेल किती आहे ते मोजणाऱ्या भागाचं) सील किंवा भरायच्या नळीची क्लिप बघा. डिझेल फिल्टर बदलल्यापासून येत असेल, तर तिथलीच ओ-रिंग, म्हणजे रबराची गोल कडी. सकाळी थंड इंजिनावर येतो आणि गाडी तापली की जातो? मग एक्झॉस्टच्या एखाद्या जोडावर बारीक फट आहे, लोखंड तापून फुगलं की ती मिटते. असली फट तापलेल्या गाडीत शोधणं म्हणजे वेळ फुकट.

माझी सवय अशी. बॉनेट उघडायच्या आधी काचा बंद करून, इंजिन चालू ठेवून आत बसायचं. ब्लोअर बाहेरच्या हवेवर टाकायचा, थोडं थांबायचं, मग रिसर्क्युलेशनचं, म्हणजे आतलीच हवा फिरवायचं, बटण दाबायचं. बाहेरच्या हवेवर वास वाढला आणि आतल्या हवेवर कमी झाला, तर पुढची जाळी. बटणाने काहीच फरक पडला नाही, तर फायरवॉलमधलं (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातलं) वायरींचं ग्रोमेट, म्हणजे भोकातलं रबर, फ्लोअर नाहीतर डिकी. एवढ्यासाठी एकही बोल्ट फिरवावा लागत नाही. नव्या पोरांना नेमकं हेच जमत नाही; आत शांत बसणं त्यांना काम वाटत नाही.

इंजिनावरचं प्लॅस्टिक कव्हर न काढणं

एक सात सीटर गाडी आली होती. सिग्नलला थांबलं की धुराचा वास, चालू लागली की कमी. आधीच्या गॅरेजमध्ये एसीचा कूलिंग कॉइल धुऊन झाला होता, केबिन फिल्टर बदलला होता, आता अख्खा सायलेन्सर बदलायची गोष्ट चालू होती. सायलेन्सर गाडीच्या मागे, वास येतोय पुढून! पण भाग मोठा सांगितला की काम मोठं दिसतं.

गाडी रात्रभर थंड ठेवली आणि सकाळी चालू करताना कान लावला. कव्हरखालून फस-फस-फस असा आवाज, रेस दिली की त्याच ठेक्यात जलद. कव्हर चार रबरी खुंट्यांवर नुसतं दाबून बसवलेलं असतं, तेही कुणी उचलून पाहिलं नव्हतं. उचललं तर खालचा फोम काळाकुट्ट, आणि तिसऱ्या इंजेक्टरभोवती (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाभोवती) डांबर ओतल्यासारखा कडक, चकचकीत थर. इंजेक्टरखालचा तांब्याचा वायसर गेला होता आणि सिलिंडरमधला गॅस दर ठोक्याला वर फेकला जात होता.

आणि वाट? बॉनेटच्या मागच्या कडेला रबराची पट्टी असते, ती इंजिनाची हवा वायपरखालच्या जाळीपासून वेगळी ठेवते. या गाडीचं डेंटिंग-पेंटिंग झालं होतं आणि पट्टी परत बसवलीच नव्हती.

मालक म्हणाला, "तेवढं रबर टाका, वास जाईल ना?" वास कमी झाला असता, हे खरं. पण तो गरम गॅस हेडमधली वायसरची बैठक खात राहतो, थर वाढत जाऊन इंजेक्टर जागीच जाम होतो आणि मग तो काढताना हेड उतरवायची पाळी येते. काही इंजिनांत ही काजळी ऑइलमध्ये उतरून ऑइलची जाळी बुजवते आणि भोगतो टर्बो.

इंजेक्टर पुलरने सावकाश काढला. बैठक साफ करताना कटरला ग्रीस लावलं, म्हणजे कचरा त्याला चिकटतो, सिलिंडरमध्ये पडत नाही. तेवढ्यात हाताखालचा पोरगा म्हणतो, "जुना वायसर उलटा करून बसवू?" नाही. एकदा दाबलं गेलेलं तांबं कडक होतं, दुसऱ्यांदा तसं बसत नाही. एवढासा वायसर वाचवायला निघालेला माणूस तेच काम परत करतो. नवा वायसर घालायचा, कंपनीने सांगितलं असेल तर बोल्टही नवा, आणि टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने, घट्ट करायचं. हाताच्या अंदाजावर माझा विश्वास नाही, कुणाच्याच.

बाकीच्या, थोडक्यात

डिझेलची गळती बोटाने चाचपू नका. कॉमन रेल लाइनमध्ये, म्हणजे इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीत, 1,600 ते 2,000 बारपर्यंत दाब असतो. सुईएवढी धार कातडीतून आत घुसते. वर जखम टिचभर दिसते, पण सरळ हॉस्पिटल गाठायचं असतं. पुठ्ठा धरून बघा.

इंजेक्टरवरच्या रिटर्न पाइपकडे (उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या बारीक नळ्यांकडे) लोक बघतच नाहीत. रबर कडक होऊन घाम फुटल्यासारखं डिझेल झिरपतं आणि गरम इंजिनावर वास सुटतो. पाइप सगळे एकदम बदला.

डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेली गाडी रिजनरेशन करताना, म्हणजे साठलेली काजळी जाळताना, आरपीएम किंचित वाढतो, फॅन जोरात चालतो, गरम वास येतो. हे अधूनमधून झालं तर गाडी खोलू नका. रोज होत असेल तर खोला.

वेगात असताना मागून वास येत असेल तर डिकीचं बिडिंग, म्हणजे दाराच्या कडेचं रबर, तपासा. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर तिथेच घुटमळतो. कागदाची पट्टी ठेवून डिकी लावा आणि ओढा. सहज सुटली तर तिथून आत येतोय. पुढची काच उघडून हा त्रास कमी होईलच असं नाही, कधी वाढतो.

पुढची जाळी टेप लावून बंद करू नका. हा "जुगाड" सांगणाऱ्याला काचेवर धुकं धरल्यावर गाडीत बसवावं.

"डिझेलमध्ये कार्बन मोनॉक्साइड नसतो" हेही ऐकायला मिळतं. पेट्रोलपेक्षा कमी असतो, नसतो असं नाही, आणि त्याला स्वतःचा वास नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराला 2012 मध्ये पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत टाकलं. डोकं दुखतंय, मळमळतंय, झापड येतेय असं झालं तर गाडी थांबवून उतरा, वासाचा शोध नंतर घ्या. अशा गाडीत इंजिन चालू ठेवून झोपू तर अजिबात नका.

काम झाल्यावर लगेच "अजून वास येतोच" म्हणून फोन करू नका. आसपास बसलेली काजळी आणि फोममध्ये मुरलेला धूर जायला थोडे दिवस लागतात. इंजेक्टरभोवतीची जागा पुसून कोरडी करा, गाडी चालवून आणा, गार झाली की पांढरं फडकं फिरवा. फडकं स्वच्छ निघालं आणि तरी शंका असेल, तर त्या गाडीत रोज न बसणाऱ्या कुणाला तरी आत बसवा. मालकाचं नाक त्या वासाला सरावलेलं असतं किंवा धास्तावलेलं.