दम्याचा ट्रिगर घरच्या घरी कसा शोधायचा

दमा म्हणजे काय तर फुफ्फुसातल्या श्वासनळ्या आतून कायम जराशा सुजलेल्या असतात, त्यात न मानवणारं काही नाकातोंडात गेलं की त्या आवळतात, चिकट कफ साठतो आणि छातीत सूं सूं वाजायला लागतं. न मानवणारं ते म्हणजे ट्रिगर. तो ज्याचा त्याचा वेगळा असतो, म्हणून शेजारच्या काकूंनी दही बंद केलं म्हणून लगेच आपल्या पोराचं दही तोडू नका, आधी शोधा.

एक वही घ्या. त्रास झाला की वेळ, जागा, आधी काय करत होतो, सर्दी होती का, सगळं लिहायचं (लहान मुलांना बहुतेक अटॅक सर्दीच्या मागोमागच येतात). जमलं तर पीक फ्लो मीटर (श्वास किती जोरात बाहेर टाकता येतो ते मोजणारी नळी) आणा, सकाळ-संध्याकाळ उभं राहून 3 वेळा जोरात फुंकायचं आणि सगळ्यात मोठा आकडा टिपायचा. आपल्या नेहमीच्या बेस्ट आकड्याच्या 80 टक्क्यांखाली घसरला तर गडबड सुरू झाली समजा, धाप बऱ्याचदा नंतर लागते.

दमा तसाही पहाटे वाढतो, पण रोज झोपेतच त्रास होत असेल तर आधी बेडरूम बघा. गादी-उशीत डोळ्यांना न दिसणारे धुळीतले किडे असतात, आपल्या कातडीचा कोंडा खाऊन जगतात आणि दमट हवेत फोफावतात, त्यामुळे मुंबई-कोकणात पावसाळ्यात विचारूच नका. चादरी, अभ्रे आठवड्याला कडक गरम पाण्यात धुवा, गादीला ऊन दाखवा. कपाट भिंतीपासून ओढून मागे बघा, काळी बुरशी असेल तर नुसता वरून रंग मारून उपयोग नाही, आधी गळती बंद करा. आणि ही साफसफाई दमेकऱ्याला करायला लावू नका प्लीज.

मग धूर. कॉइल, अगरबत्ती, मिरचीची फोडणी, सिगरेट. दिवाळीत आपण बॉम्बला घाबरतो, पण पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने मोजलं तेव्हा सगळ्यात जास्त बारीक कण निघाले नागगोळीतून, जिच्यावर पोरं अगदी वाकून बघतात!

खेळताना धाप लागते म्हणून खेळ बंद करू नका, डॉक्टरांना सांगा, औषधाने ते आवरता येतं. काहींना अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनीही होतं.

पंपाची, म्हणजे इनहेलरची, सवय लागते हे डोक्यातून काढाच. रोजचा पंप सूज उतरवतो, बरं वाटलं म्हणून मनाने सोडायचा नाही, घेतल्यावर चूळ भरायची. दुसरा, रिलिव्हर, तो अडचणीच्या वेळचा.

पण एक वाक्य सलग बोलता येत नाहीये, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जातेय, ओठ निळसर पडलेत किंवा रिलिव्हरने फरकच नाही, तर वही-बिही राहू द्या, पेशंटला आडवं न करता ताठ बसवा, 108 लावा आणि गाडी येईपर्यंत स्पेसरमधून (पंपाला जोडायची पोकळ नळी) रिलिव्हरचे पफ एकेक करून देत राहा.