पैसे परत कसे? परदेशी गुंतवणुकीची पहिली फाइल हाती येणाऱ्यांसाठी

बडोद्याला मकरपुरा जीआयडीसीत एका पंप-व्हॉल्व्हच्या कंपनीत मी २०१३ साली हिशेब खात्यात लागले. एम. एस. युनिव्हर्सिटीतून एम. कॉम. झालेली, दांडिया बाजारातून रोज स्कूटरवर जायचे. वर्षभरात पहिली मोठी फाइल टेबलावर आली. नायजेरियात, लागोसला जोडणीचं छोटं युनिट टाकावं का, यावर टिपण लिहायचं होतं.

मी मन लावून अकरा पानं लिहिली. एप्रिल २०१४ मध्येच नायजेरियाने जीडीपीची नवी मोजणी जाहीर केली होती आणि दक्षिण आफ्रिकेला मागे टाकून तो आफ्रिकेतली सर्वांत मोठी अर्थव्यवस्था ठरला होता. लोकसंख्या, वाढती शहरं, पाण्याच्या योजना, सगळं टिपणात होतं. आमच्या साहेबांनी शेवटच्या पानाच्या समासात पेन्सिलीने तीन शब्द लिहून फाइल परत पाठवली: ‘पैसे परत कसे?’

नफा झाला की बँकेतून येतील, त्यात विचारायचं काय, असं मला वाटलं. तशाच दोन ओळी लिहून दिल्या. साहेब त्याच वर्षी निवृत्त झाले, शेठना घाई होती, युनिट उभं राहिलं.

धंदा चांगला चालला, हे आधी सांगायला हवं. गिऱ्हाईक वेळेवर पैसे देत होतं, ताळेबंदात नफा होता. पण नायजेरियाची परकीय चलनाची कमाई मुख्यतः कच्च्या तेलावर. २०१४ च्या मध्यात शंभर डॉलरच्या वर असलेलं पिंप जानेवारी २०१६ मध्ये तिसाच्या खाली आलं. तिथल्या मध्यवर्ती बँकेने नायरा हे तिथलं चलन एका डॉलरला १९७ च्या आसपास धरून ठेवला. जून २०१५ मध्ये ४१ प्रकारच्या मालाच्या आयातीला अधिकृत बाजारातून डॉलर देणंही बंद केलं. दर कागदावर १९७ च होता, फक्त त्या दराने डॉलर मिळत नव्हते.

लागोस आपल्यापेक्षा साडेचार तास मागे. आमच्याकडे दुपारचा दीड वाजला की तिथे सकाळचे नऊ. डबा बाजूला सारून मी तिथल्या अकाउंटंटला फोन लावायचे. तो दर आठवड्याला बँकेत डॉलरसाठी मागणी नोंदवायचा आणि दर आठवड्याला एकच उत्तर द्यायचा: आपला नंबर लागला नाही. पुढे मी वहीत त्या कॉलसाठी एक रकाना आखला. सलग सव्वीस आठवडे त्यात आडवी रेघ आहे. ती वही मी अजून जपून ठेवली आहे.

म्हणून नव्याने या कामात येणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की देश किती वेगाने वाढतोय या प्रश्नाने सुरुवात करू नका. वाढीचा आकडा कुठेही मिळतो. पैसा त्या देशातून बाहेर यायची वाट कोणती, ती कोणाच्या हातात आहे आणि ती कधी बंद होऊ शकते, हे आधी शोधा.

त्यासाठी परकीय गंगाजळी बघतात. किती महिन्यांची आयात भागेल हे मोजायचं, तीन महिन्यांच्या खाली गेली की सावध व्हायचं, असा जुना अंदाज आहे. पण एकूण आकड्यावर विसंबू नका, त्यातला वापरता येईल असा भाग किती ते बघा. श्रीलंकेने १२ एप्रिल २०२२ रोजी परदेशी कर्जाची फेड थांबवली. त्याच्या आदल्या महिन्याअखेर गंगाजळी १.९ अब्ज डॉलर दिसत होती. त्यातले सुमारे दीड अब्ज चीनच्या मध्यवर्ती बँकेशी झालेल्या चलन-अदलाबदलीचे होते आणि त्यांना अटी होत्या. तिजोरीत दिसतात पण हात लावता येत नाही, असे ते पैसे. आयएमएफ म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधी. देशाच्या अर्थव्यवस्थेची पाहणी करणारा त्यांचा ‘आर्टिकल फोर’ अहवाल फुकट मिळतो. त्यात हा हिशेब आणि त्या देशाची चलनपद्धत खरोखर कशी चालते याचं वर्णन असतं. पहिलं पान वाचून ठेवून देऊ नका, चलनावरचा भाग दोनदा वाचा.

दुसरी खूण मला याहून जास्त भरवशाची वाटते: बँकेचा दर आणि रस्त्यावरचा दर यातलं अंतर. तिथल्या दुकानदाराला, ड्रायव्हरला विचारलं तरी कळतं. अंतर दहावीस टक्क्यांच्या वर गेलं की अधिकृत दराने काढलेला आपला नफा खोटा समजायचा.

चलन पडलं की काय होतं, ते एकदा हाताने मांडून बघा. समजा शंभर गुंतवले, दोन वर्षं स्थानिक चलनात दर वर्षी वीस टक्के नफा झाला, तर १४४ झाले. ६ मार्च २०२४ ला इजिप्तने आपल्या पाउंडचा दर बाजारावर मोकळा सोडला आणि डॉलरचा भाव ३१ च्या आसपासवरून ५० पर्यंत गेला. १४४ ला ३१ ने गुणून ५० ने भागा. उरले ८९. कारखाना दोन्ही वर्षं उत्तम चालला, तरी घरी आले ते मुद्दलापेक्षा कमी.

कायद्याची जोखीम वेगळी धरा. ती तोट्यात चाललेल्या धंद्यालाच येते असं नाही. आमच्या शेजारच्या बा युगांडाच्या राजधानीतून, कंपालाहून आल्या. ऑगस्ट १९७२ मध्ये तिथला हुकूमशहा इदी अमीन याने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत युगांडा सोडायला सांगितलं, तेव्हाची गोष्ट. त्यांच्याकडे दुकानाची उधारीची वही आहे. गुजराती आकडे, शिलिंगमधल्या रकमा, बऱ्याच नावांपुढे ‘बाकी’. धंदा मंद होता का, असं मी एकदा विचारलं. ‘दुकान तो सरस चालती’ती, बेटा,’ एवढंच त्या म्हणाल्या. पुढे राष्ट्राध्यक्ष मुसेवेनींच्या काळात अनेकांना मालमत्ता परत मिळाल्या, पण वीसेक वर्षांनी. बडोद्यातल्या कितीतरी घरांत अशी एखादी वही असेल. बँक ऑफ बडोदाने १९५३ सालीच मोंबासा आणि कंपालाला शाखा उघडल्या, इतकं या गावाचं तिकडे येणंजाणं.

या जोखमीवर विमा मिळतो. ईसीजीसी ही निर्यातीचा विमा उतरवणारी आपली सरकारी कंपनी देशांना जोखमीप्रमाणे ए-१ पासून डी पर्यंत सात गटांत घालते. ज्या देशाची फाइल हातात आहे तो कुठल्या गटात आहे, हे टिपणात यायलाच हवं. जागतिक बँकेच्या गटातली मिगा ही संस्था चलन बाहेर नेण्यावरची बंदी, सरकारजप्ती आणि युद्ध यांचा विमा उतरवते. हप्ता महाग वाटतो म्हणून शेठ नको म्हणतील. तरी तो हिशेबात धरूनच नफा दाखवा.

आपल्या बाजूचे नियम त्या मानाने सरळ आहेत. ऑगस्ट २०२२ च्या परदेशी गुंतवणूक नियमांप्रमाणे अधिकृत बँकेमार्फत फॉर्म एफसी भरायचा आणि दर वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत कामगिरीचा अहवाल द्यायचा. बँकेतली माणसं समजावून सांगतात.

समोरच्या देशातला एक कागद मात्र स्वतः उभं राहून मिळवा. नायजेरियात भांडवल आत येताना तिथल्या बँकेकडून भांडवल-आयातीचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ते असलं तरच लाभांश आणि मुद्दल अधिकृत बाजारातून डॉलरमध्ये बाहेर नेता येतं. आम्ही रोख पाठवलेल्या रकमेचं प्रमाणपत्र घेतलं होतं. यंत्रसामग्री म्हणून गेलेल्या भागाचं घ्यायचं राहिलं. यादी मी केली होती, त्यात तो रकाना नव्हता.

जून २०१६ मध्ये नायराचा दर बाजारावर मोकळा सोडल्यावर तो २८० च्या आसपास गेला, तरी डॉलर येईनात. एप्रिल २०१७ मध्ये गुंतवणूकदार आणि निर्यातदारांसाठी वेगळी खिडकी उघडली, तेव्हा कुठे रांग हलली. आमचे पैसे हप्त्याहप्त्याने ३६० च्या आसपासच्या दराने आले. ताळेबंदात १९७ ने धरलेल्या दर शंभर डॉलरमागे हातात पंचावन्न पडले. यंत्रांचे पैसे नायरातच राहिले. ते तिथल्याच गोदामाच्या भाड्यात आणि पगारात हळूहळू संपले.

शेवटचा हप्ता जमा झाला त्या संध्याकाळी मी साहेबांच्या घरी गेले. त्यांनी रकमेचं काही विचारलं नाही. ‘प्रमाणपत्र कुठल्या भागाचं राहिलं होतं?’ एवढंच विचारलं आणि मी सांगितलेलं कागदावर लिहून घेतलं. त्यांच्याकडे शिकायला येणाऱ्या दोन मुलांना ते दुसऱ्या दिवशी दाखवायचं होतं.